जोत्यावरची माती

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. नाव होतं, ‘रंगारी निवडताना तुम्ही करता त्या पाच चुका’. चौथ्या मिनिटाला एक भिंत दिसली. गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्यांच्याखाली मिठासारखा पांढरा फुलोरा. भिंतीसमोर उभा राहून निळ्या शर्टातला एक तरुण सांगत होता, ‘‘मित्रांनो, ही माझ्या सासूबाईंच्या बैठकीच्या खोलीतली भिंत. दोन वर्षांत दोनदा रंगवली. दोन्ही वेळा त्याच रंगाऱ्याकडून. आता तुम्हीच बघा, असल्या माणसाला घरात घ्यायचं का?’’

रंगाऱ्याच्या बायकोने हे पाहिलं ते एका दवाखान्यात. दुपारी दवाखाना बंद असायचा आणि तेवढ्या वेळात बाहेरच्या खोलीचं छत उरकायचं होतं. ती पालथ्या बादलीवर बसली होती. हात, केस, भुवया, सगळं पुट्टीने पांढरं झालेलं. खरवडणं, पुट्टी भरणं आणि घासणं तिचं, ब्रश आणि रोलर त्याचं, अशी त्यांची बावीस वर्षांची वाटणी होती.

‘‘अहो, खाली उतरा.’’

‘‘एक हात मारून होऊ दे.’’

‘‘तुमचा हात इथे दुनियेला दाखवून झालाय. उतरा.’’

रंगारी रंगकामाच्या लाकडी घोड्यावरून उतरला, हात पुसले आणि व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

‘‘हेडबाईंची भिंत आहे,’’ तो म्हणाला.

‘‘भिंत त्यांची. पोपडे मात्र आपल्या नावावर.’’

‘‘नाव कुठे घेतलंय त्याने?’’

‘‘त्या आठ घरांत तुमच्याशिवाय कुठला रंगारी पाय ठेवतो हो? नाव घ्यायचं शिल्लक काय ठेवलंय? तुमचा फोटो तेवढा चिकटवायचा राहिलाय!’’ तिने बोटाने पडदा खाली सरकवला. ‘‘चाळीस हजार लोकांनी बघितलंय. हा बघा एक शहाणा, लिहितो, ‘असल्यांना दारात उभं करू नये.’ ह्याच्या दारात गेलं होतं कोण?’’

रंगाऱ्याने फोन तिला परत दिला. पुन्हा घोड्यावर चढला आणि छताचा तो हात पुरा केला. अर्धा हात सोडला तर वाळल्यावर जोड दिसतो. जोड दिसलेला त्याला चालत नसे.

ती आठ घरं एका ओळीत होती. सारखी, एकमजली, पुढे छोटं अंगण, पश्चिमेला मोकळी पट्टी. चार नंबरचं घर हेडबाईंचं. एकतीस वर्षं शाळा, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण ‘हेडबाई’ सुटलं नव्हतं. आठ घरांची चिटणीस तीच. सभेत ती चष्मा काढून हातात धरायची आणि सगळे आपोआप गप्प व्हायचे. तिच्या नवऱ्याला ओळीतले सगळे तात्या म्हणायचे. तात्यांचं मत काय हे कोणी विचारत नसे, आणि तेही आपण होऊन देत नसत.

निळ्या शर्टातला तरुण हा हेडबाईंच्या एकुलत्या एक मुलीचा नवरा. पूर्वी तो फरशांच्या दुकानात विक्रीला होता. चार वर्षांपासून घर सजवण्याचे आणि बाग लावण्याचे सल्ले द्यायचा, दर रविवारी एक. त्याचे सगळेच सल्ले वाईट होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवा म्हणजे माती वाहून जात नाही, लहान खोलीत आरसा खिडकीच्या समोर लावा, पडदा खिडकीच्या चौकटीवर न लावता वीतभर वर लावा म्हणजे छत उंच वाटतं. हे सगळं बरोबर होतं. अडचण वेगळीच होती. दर रविवारी नवा सल्ला लागायचा, आणि प्रयोग करायला त्याचं स्वतःचं घर नव्हतं. तो राहायचा भाड्याच्या घरात, आणि घरमालक भिंतीला साधा खिळा मारू देत नव्हता. त्यामुळे प्रयोग व्हायचे ते सासूच्या घरावर.

पश्चिमेच्या पट्टीतली बाग हा असाच एक रविवार होता. भिंतीपासून तीन फुटांवर विटांची रांग रचून, मधल्या जागेत थेट भिंतीला टेकवून दोन फूट उंच माती भरली. वेल चढवले, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायला नळी बसवली. व्हिडिओचं नाव होतं ‘रिकाम्या पट्टीचं सोनं करा’. दिसायला छानच दिसत होतं. सहा महिन्यांत ओळीतल्या आणखी चार घरांनी तसंच सोनं करून घेतलं.

घराच्या जोत्याच्या माथ्यावर, विटा सुरू होतात तिथे, डांबराचा एक थर दिलेला असतो. जमिनीतली ओल वर चढते ती त्या थराशी थांबते. माती त्या थराच्या वर गेली की ओलीला थर ओलांडावा लागत नाही. ती बाजूने सरळ विटेत शिरते आणि आतल्या गिलाव्याला लोणा लागतो, म्हणजे मिठाचा पांढरा फुलोरा येतो. हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. रंगारी पहिल्यांदा ती भिंत रंगवायला आला तेव्हा त्याने हाताची पालथी बाजू भिंतीला लावली होती, कारण तळहाताला घट्टे पडलेले असतात आणि ओल पालथ्या हाताला आधी कळते. मग तो बाहेर जाऊन बाग पाहून आला.

‘‘बाई, बाहेरची माती हातभर खाली घ्या,’’ तो म्हणाला होता. ‘‘जोतं उघडं होऊ दे. दोन-अडीच महिने भिंत वाळू दे. मग रंग. आत्ता लावला तर टिकणार नाही.’’

जावई तेव्हा सोफ्यावर होता. ‘‘काका, ही हवेतली ओल आहे. चांगलं वॉटरप्रूफ प्रायमर मारा आणि वर रंग द्या. लोणाबिणा जुन्या काळातल्या गोष्टी झाल्या.’’

‘‘ओल जुनीच असते हो,’’ रंगाऱ्याची बायको म्हणाली होती. ‘‘तिला काळ कुठून कळणार?’’

हेडबाई स्वयंपाकघरात होती. तिथूनच तिने निकाल दिला. ‘‘जावईबापू म्हणतात तसं करा, दादा. त्यांचा अभ्यास आहे.’’

तात्यांनी पेपरचं पान उलटलं.

रंग नऊ महिने टिकला. दुसऱ्या वेळी रंगारी तेच बोलला, जावई तेच बोलला, हेडबाईही तेच बोलली. रंग सात महिने टिकला. मग जावयाने पोपडे सुटलेल्या भिंतीचं चित्रण करून ठेवलं आणि तिच्या खालच्या भागावर विटांसारखी दिसणारी, मागे गोंद असलेली फोमची पॅनेलं चिकटवून टाकली. त्यावरही एक रविवार निभला, ‘एका तासात भिंत नवीकोरी’. उरलेलं चित्रण पाच चुकांच्या व्हिडिओत वापरलं.

व्हिडिओ आला रविवारी. मंगळवारी संध्याकाळी रंगाऱ्याला सहा नंबरच्या काकूंचा फोन आला. आठही घरं बाहेरून रंगवायचं काम त्याला द्यायचं असं दोन महिन्यांपूर्वी ठरलं होतं. रंगाचे नमुनेही त्याने दारोदारी जाऊन दाखवले होते.

‘‘दादा, मला आपलं वाटलं तुमच्या कानावर घालावं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘गुरुवारी पाचला हेडबाईंकडे सभा आहे. दुसऱ्या रंगाऱ्याचं नाव निघालंय. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला ना.’’

‘‘तुमची खोली मी रंगवलीय, काकू. पाच वर्षं झाली. कुठे पोपडा आहे का?’’

‘‘नाही हो, टवका उडालेला नाही. पण हेडबाईंचा जावई म्हणतो म्हटल्यावर…’’ काकूंनी वाक्य तिथेच सोडलं.

रंगाऱ्याने फोन ठेवला. शेजारी बसलेल्या बायकोला सगळं ऐकू आलंच होतं.

‘‘टवका नाही उडालेला, पण नाव उडालं,’’ बायको म्हणाली. ‘‘बावीस वर्षं घासतोय आपण. आणि ज्याने कधी पॉलिश पेपर हातात धरला नाही तो उठून सांगतो, रंगारी कसा निवडावा! गुरुवारी जायचं. मी येणार.’’

‘‘जाऊन काय सांगू? मी सांगितलं होतं म्हणून? ते म्हणणार नाही सांगितलं. तो अभ्यास केलेला, मी ब्रश धुणारा. कोणाचं खरं धरतील?’’

‘‘सांगू नका. वाचायला लावा.’’



रंगाऱ्याची एक पद्धत होती. ती त्याला त्याच्या गुरूकडून मिळाली होती आणि गुरूला त्याच्या गुरूकडून. भिंत उघडी केली की पुट्टी लावायच्या आधी गिलाव्यावर, खालच्या बाजूला, चार शब्द लिहायचे. तारीख, भिंतीची अवस्था, वापरलेला माल. पेन्सिलीने लिहायचं आणि त्यावरून खिळ्याचं टोक ओढायचं, म्हणजे पुसलं जात नाही. हे लिखाण घरमालकासाठी नसतं. पुढे कधीतरी ती भिंत खरवडणाऱ्या दुसऱ्या रंगाऱ्यासाठी असतं. त्याला कळावं की इथे भेग भरलेली आहे, इथे नळ गेलाय, इथे ओल आहे. डॉक्टरने डॉक्टरला लिहिलेल्या चिठ्ठीसारखं.

‘‘ते मालकाला दाखवायचं नसतं,’’ रंगारी म्हणाला. ‘‘घरातलं घरात. गुरू म्हणायचा, भिंतीने आपल्याला पोटातलं दाखवलं, ते चव्हाट्यावर मांडायचं नाही.’’

‘‘तुमच्या गुरूचा काळ वेगळा. तेव्हा कुणाचा जावई सासूच्या घरात उभा राहून चाळीस हजार लोकांसमोर रंगाऱ्याचं पोट फाडत नव्हता. चव्हाट्यावर मांडलं कोणी आधी? आपण?’’

  गुरुवारी दुपारी रंगाऱ्याने खरवडायची पट्टी दगडावर घासून घेतली आणि पिशवीत टाकली.

सभेला आठपैकी सात घरांची माणसं होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोघं खिडकीच्या कट्ट्यावर टेकली होती. जावई पॅनेलांच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. शेजारी त्याने फोन तिवईवर उभा केला होता, ‘नोंद म्हणून’. मुलगी चहा देत होती. रंगारी आणि त्याची बायको दारात दिसल्यावर खोलीतली कुजबुज थांबली.

‘‘तुम्हाला बोलावलं नव्हतं, दादा,’’ हेडबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिला तो चढवावा लागत नसे.

‘‘माहीत आहे, बाई. पण निकाल माझ्यावर लागतोय, तर मी हजर असावं असं वाटलं. शाळेतही मुलाला बोलावूनच रागवत असाल ना?’’

खिडकीतलं कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. हेडबाईने चष्मा काढला.

‘‘ठीक आहे. बोला.’’

‘‘ह्या भिंतीला ओल होती. मी दोन्ही वेळा सांगितलं होतं की बाहेरची माती काढा, भिंत वाळू द्या, मग रंगवू. ऐकलं नाही.’’

‘‘काका, प्लीज,’’ जावई म्हणाला. तो हसत होता, व्हिडिओत हसायचा तसंच. ‘‘काम बिघडल्यावर सगळेच म्हणतात, आम्ही सांगितलं होतं. मग केलंत कशाला?’’

‘‘तुमच्या सासूबाईंनी सांगितलं म्हणून,’’ रंगाऱ्याची बायको म्हणाली. ‘‘आणि त्यांनी सांगितलं ते तुम्ही सांगितलं म्हणून. तो अकरा मिनिटांचा सिनेमा काढलात त्यात हे का नाही घातलं?’’

‘‘वहिनी, चिडून काही होत नाही. पुरावा लागतो.’’

‘‘बरोबर आहे,’’ हेडबाई म्हणाली. ‘‘दादा, असं काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. आरोप दोन्हीकडून होतायत. पुरावा आहे का?’’

‘‘आहे. पण तो मी आणलेला नाही. तो इथेच आहे.’’ रंगाऱ्याने हात वर करून दाखवलं. ‘‘ह्यांच्या पाठीमागे. ती पॅनेलं काढावी लागतील.’’

‘‘अजिबात नाही!’’ जावई उठला. त्या संध्याकाळी त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं. ‘‘ती काढली की फाटतात. त्या भिंतीवर माझे पुढचे दोन व्हिडिओ ठरलेत. आई, हा तमाशा आहे. हे भिंत फोडणार आणि परत म्हणणार, ओल होती.’’

हेडबाईने मुलीकडे पाहिलं. मुलीने ट्रेकडे पाहिलं. सभेतल्या सहा घरांनी चहाकडे पाहिलं. जावयाच्या शब्दाबाहेर जायचं म्हणजे मुलीचा चेहरा पडायचा, हे हेडबाईला माहीत होतं, आणि गेली चार वर्षं तिचं घर त्या एका धाकावर चाललं होतं. तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

‘‘दादा, मला वाटतं आज हे…’’

तेवढ्यात तात्या उठले. ते कोपऱ्यात, दिव्याखाली, पेपर घेऊन बसले होते आणि ते खोलीत आहेत हे बहुतेक जण विसरले होते. त्यांनी पेपरची घडी घातली, खुर्चीवर ठेवली, जावयाला म्हणाले, ‘‘जरा सरका,’’ आणि जमिनीलगतच्या एका पॅनेलाच्या खालच्या कडेत बोटं घालून ओढलं.

पॅनेल फाटलं नाही. ते सहज निघालं, कारण गोंद कधीच सुटला होता. चिखलातून बूट काढावा तसा आवाज झाला. मागे काळी बुरशी होती, आणि तिच्यामधून पाण्याचा एक ओघळ फरशीवर आला. वास खोलीभर पसरला. खिडकीतल्यांनी खिडकी उघडली.

‘‘वर्षभर मी म्हणतोय, सोफ्याला वास येतो,’’ तात्या म्हणाले. ‘‘तर मलाच आंघोळ करायला सांगतात.’’

 रंगाऱ्याच्या बायकोने पिशवीतून पट्टी काढली आणि गुडघ्यांवर बसली. खरवडायला जोर लागला नाही. रंग आणि पुट्टी ओल्या कागदासारखी एकत्रच सोलून आली. तिने फडक्याने हलकेच पुसलं, मग बोटाने जागा चाचपली. बोटाला खाचा लागल्या.

‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘चष्मा आहेच डोळ्यांवर. या, वाचा.’’

हेडबाई खाली वाकली. मग वाकून वाचता येईना म्हणून फरशीवर बसली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचं अक्षर लावलं होतं, तिला अडलं नाही. वाचायचं म्हणजे मोठ्याने वाचायचं, ही सवयही जुनीच.

‘‘ ‘बावीस फेब्रुवारी. गिलावा ओला. जोतं मातीखाली गेलंय. माती काढा सांगितलं. जावई म्हणाले हवेतली ओल. बाई म्हणाल्या, जावई म्हणतात तसं करा. करतोय.’ ’’

ती थांबली. खाली आणखी एक ओळ होती. भिंत दुसऱ्यांदा गिलाव्यापर्यंत उघडी केली तेव्हाची.

‘‘ ‘नऊ मार्च. तेच. लोणा हातभर वर चढलाय. परत सांगितलं. तात्या हजर होते. पुढच्या रंगाऱ्या, तू तरी ऐकू नकोस.’ ’’

 तिवईवरचा फोन चालूच होता.

‘‘तुम्ही हजर होतात?’’ हेडबाईने नवऱ्याला विचारलं.

‘‘होतो. दोन्ही वेळा.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘ह्या घरात बोलायची सोय कुठे होती?’’ तात्या म्हणाले. ‘‘आता भिंतच बोलली म्हणून मी उठलो.’’

‘‘आई, हे नंतरही लिहिता येतं,’’ जावई म्हणाला. ‘‘कोणीही येऊन…’’

‘‘रंगाच्या दोन आणि पुट्टीच्या दोन थरांखाली?’’ रंगाऱ्याच्या बायकोने वर बघून विचारलं. ‘‘ते कसं लिहायचं त्याचा एक व्हिडिओ काढा बुवा. मीसुद्धा बघेन.’’

हेडबाई उठली. उठताना तिने भिंतीचा आधार घेतला आणि तळहाताला लागलेली बुरशी पाहिली. ती पुसली नाही.

‘‘बाहेर चला सगळे,’’ ती म्हणाली. ‘‘जावईबापू, फोन ठेवा आणि घमेलं उचला.’’

‘‘मी?’’

‘‘माती तुम्ही भरलीत. त्यांनी नाही.’’

पश्चिमेच्या पट्टीत त्यांनी एकच खड्डा घेतला, भिंतीलगत. फावडं रंगाऱ्याने मारलं, घमेली जावयाने उपसली. डांबराची काळी रेघ सव्वा फुटावर लागली. तिच्या वरच्या विटा बोटाने दाबल्या तर पाणी सोडत होत्या. सहा नंबरच्या काकू खड्ड्यात डोकावून बराच वेळ बघत उभ्या होत्या.

‘‘आमच्याकडेही आहे हो अशी बाग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाठीमागच्या खोलीत हल्ली कपाटातले कपडे दमट लागतात. मी आपली कापूर ठेवतेय.’’

दोन नंबरचे गृहस्थ घराकडे निघाले. मग सात नंबरचे. मग ज्यांनी ज्यांनी पट्टीचं सोनं करून घेतलं होतं ते सगळेच. सभा संपली असं कोणी म्हटलं नाही, पण पंधरा मिनिटांत ओळीतली माणसं आपापल्या भिंतींना पालथा हात लावत फिरत होती.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण रविवारी नवा व्हिडिओ आला. नाव होतं ‘भिंतीला ओल का येते? मी शोधलेलं खरं कारण!’ त्यात खड्डा होता, डांबराची रेघ होती, घमेलं उचलणारा निळा शर्ट होता. भिंतीवरचं लिखाण नव्हतं. रंगारीही नव्हता. त्याच्या फावड्याचा दांडा तेवढा एका कोपऱ्यात दिसत होता. आणि पाच चुकांचा व्हिडिओ जागच्या जागी होता. आता तो साठ हजार लोकांनी पाहिला होता.

‘‘वाहवा!’’ रंगाऱ्याची बायको म्हणाली. ‘‘चूक आपली आणि शोध त्याचा.’’

रंगारी या वेळी गप्प बसला नाही. त्याने सरळ चार नंबरची घंटा वाजवली आणि उंबऱ्याबाहेरूनच बोलला.

‘‘बाई, आठ घरांचं काम तुम्ही परत मला दिलंत असं काकूंनी कळवलं. पण जोवर तो पहिला व्हिडिओ तिथे आहे, तोवर मी ह्या ओळीत ब्रश उघडणार नाही. साठ हजार लोकांना मी भामटा आहे हे माहीत आहे. मी भामटा नाही हे फक्त आठ घरांना माहीत आहे. हे गणित मला मान्य नाही.’’

हेडबाईने त्याला आत बोलावलं नाही. ती तिथेच दारात उभी राहिली आणि मुलीला फोन लावला. मुलीचं बोलणं रंगाऱ्याला अर्धंमुर्धं ऐकू येत होतं.

‘‘आई, तो काढता नाही येणार. तो सगळ्यात जास्त चाललेला आहे.’’

‘‘वर्गातल्या सगळ्यात जास्त मुलांनी चुकीचं उत्तर लिहिलं म्हणून मी त्यावर कधी बरोबरची खूण केली नाही,’’ हेडबाई म्हणाली. ‘‘उद्या संध्याकाळपर्यंत काढायचा. आणि नव्या व्हिडिओत सांगायचं की कारण कोणी शोधलं. नसेल जमत तर माझ्या घरातल्या भिंती, अंगण, पट्टी, पायरी, यातलं काहीही यापुढे कुठल्याही रविवारी दिसता कामा नये.’’

‘‘आई, त्याला किती वाईट वाटेल!’’

‘‘वाटू दे. चार वर्षं त्याला वाईट वाटू नये म्हणून मी ओलीत बसलेय.’’

पहिला व्हिडिओ मंगळवारी सकाळी निघाला. नव्यात एक वाक्य जोडलं गेलं, शेवटी, बारीक अक्षरांत. ‘विशेष आभार : स्थानिक रंगारी.’ माफी कुठेही नव्हती.

‘‘स्थानिक!’’ रंगाऱ्याची बायको म्हणाली. ‘‘जशी काही आपण भाजी आहोत.’’

भिंत वाळायला अकरा आठवडे लागले. माती निघाली, वेल भिंतीपासून चार हातांवर वेगळ्या वाफ्यात गेले. आतला गिलावा कमरेपर्यंत झोडून काढला, फक्त लिहिलेल्या जागेचा तुकडा हेडबाईने काढू दिला नाही. दर शनिवारी रंगारी यायचा, वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि रविवारी येऊन बघायचा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली. पहिले नऊ रविवार दव होतं. दहाव्या रविवारी थोडं होतं. अकराव्याला प्लॅस्टिक कोरडं निघालं. मग नवा गिलावा झाला, तोही पुरता वाळू दिला, आणि एका सकाळी दोघं घोडा, बादल्या आणि पुट्टी घेऊन आले.

रंगाऱ्याने पेन्सिल काढली. जुन्या दोन ओळींखाली जागा होती. त्याने तारीख लिहिली. ‘गिलावा कोरडा. जोतं उघडं.’ मग पेन्सिल हेडबाईपुढे धरली.

‘‘सही करा, बाई. ह्यापुढे ह्या घरात मी एकटा लिहिणार नाही.’’

हेडबाईने पेन्सिल घेतली, जुन्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या आणि सहीच्या आधी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दोन्ही वेळा सांगितलं होतं. ऐकलं नाही. चूक माझी.’ मग सही केली. तात्या मागे उभे होते. त्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं, ‘हजर.’

रंगाऱ्याने खिळा ओढून अक्षरं पक्की केली आणि पुट्टीची पाटी उचलली.

‘‘थांबा,’’ त्याची बायको म्हणाली. ‘‘हे बुजवायचं नाही.’’

‘‘अगं, हे बुजवायचंच असतं.’’

‘‘आजवर बुजवलं. आपली बदनामी साठ हजारांनी बघितली आणि ह्यांची कबुली पुट्टीच्या खाली? बाई, तुम्हीच सांगा. कुठल्या शाळेत चालतं असं? शिक्षा भर मैदानात आणि माफी कपाटात?’’

 हेडबाईने भिंतीकडे पाहिलं, आणि एकदा बाहेरच्या दाराकडे, जिथून रविवारी मुलगी आणि जावई येणार होते.

‘‘नाही चालत,’’ ती म्हणाली. ‘‘सोडा तेवढी जागा.’’

रंगाऱ्याने चिकटपट्टी लावून हातभर लांब, वीतभर उंच चौकोन आखून घेतला. कडा ओळंब्यात आहेत की नाही हे दोनदा तपासलं. भोवती दोन हात पुट्टी, एक प्रायमर, दोन हात फिकट पिवळा रंग झाला. पट्टी सोलली तेव्हा कडा सुरीने कापल्यासारख्या निघाल्या. मध्ये कोरा गिलावा आणि त्यावर चार जणांना सहज वाचता येतील अशा ओळी.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एक नंबरच्या घराचं बाहेरचं काम सुरू केलं.

रविवारी जावई आला. त्याने भिंत पाहिली, चौकोन पाहिला, त्यातलं वाचलं. मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून म्हणाला, ‘‘आई, इथे एखादी मोठी फ्रेम छान दिसेल. किंवा कुंडी. जागा झाकली जाईल.’’

‘‘जागा झाकण्यासाठी सोडलेली नाही,’’ हेडबाई म्हणाली. ‘‘चहा घ्या.’’